मुंगीचं सोंग घेतलेल्या कोळ्याला नाव कसं द्यावं

मुंगीसारख्या दिसणाऱ्या कोळ्यांचे फोटो ओळखीसाठी माझ्याकडे पाठवणारे लोक दोन तऱ्हेचे असतात. काहींना अजून ही मुंगीच असावी असा संशय असतो. काहींनी मात्र शेजारची मुंगी ओळखून त्यावरून कोळ्याचं पूर्ण शास्त्रीय नावही ठरवलेलं असतं आणि माझ्याकडून त्यांना फक्त होकार हवा असतो. पहिल्यांचं काम दोन मिनिटांत होतं. दुसऱ्यांना समजावता समजावता संध्याकाळ होते, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते आहे.

या कोळ्यांच्या वर्गीकरणात सगळ्यात जास्त नडतं ते त्यांचं मुंगीपणच. लांबट शरीर, कमरेसारखी दबलेली जागा, काड्यांसारखे पाय, मिशा हलवल्यासारखे पुढचे पाय, हे सगळं शिकाऱ्यांना चकवण्यासाठी घडत गेलेलं आहे. मुंग्या चावतात, आम्ल सोडतात, झुंडीने येतात, त्यामुळे पुष्कळ शिकारी त्यांच्या वाटेला जात नाहीत. हा फायदा उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळात, म्हणजे सालटिसिडीत, एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या अनेक शाखांनी वेगवेगळा उचलला. त्यामुळे दोन कोळी मुंगीसारखे दिसतात एवढ्यावरून ते एकमेकांचे भाऊबंद ठरत नाहीत. माझी पद्धत अशी : जे जे मुंगीसारखं आहे ते पुराव्यातून आधी वगळायचं, आणि उरलेल्यावर नाव बसतं का ते पाहायचं.

आधी कूळ पक्कं करा

आठ पाय मोजा, मिशा नाहीत याची खात्री करा, झालं. पण हा मुंगीसारखा कोळी उड्या मारणाऱ्यांपैकीच आहे का, हे इथेच विचारायचं, कारण मुंगीचं सोंग या एकाच कुळाची मिरास नाही. कोरिनिडी कुळातला कॅस्टिआनेरा, खेकडा कोळ्यांमधला अमिसिया, झोडॅरिडी कुळातले कित्येक कोळी हेही त्याच धंद्यात आहेत.

फरक कळतो तो डोळ्यांवरून. सगळ्याचं सोंग आणता येतं, डोळ्यांचं येत नाही. उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या चेहऱ्यावर समोर बघणारे दोन मोठे डोळे असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांहून लहान असे दोन, आणि उरलेले चार मागे कवचावर. कॅस्टिआनेराचे आठही डोळे बारीक असतात आणि चेहऱ्याच्या वर दोन ओळींत दाटीने बसलेले असतात. म्हणून वरून काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी चेहऱ्याचा एक तरी फोटो हवाच.

विणकर मुंगीचं उदाहरण इथे फार कामाचं आहे. या तांबूस मुंग्यांमध्ये मिसळून जाणारा एक उड्या मारणारा कोळी आहे, मिर्माप्लाटा प्लाटालिओइडीस. त्याच मुंगीची नक्कल करणारा एक खेकडा कोळीही आहे, अमिसिया फोर्टिसेप्स. याच्या उदराच्या मागच्या टोकावर दोन काळे ठिपके असतात, त्यामुळे त्याची मागची बाजू मुंगीच्या डोक्यासारखी दिसते, म्हणजे आख्खा कोळीच उलटा वाचायचा. मुंगी एक आणि कोळ्यांची कुळं दोन. आफ्रिकेत विणकर मुंगीची दुसरी प्रजाती आहे आणि तिथे तिची नक्कल मिर्माराक्ने या मुंगीरूपी उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या वंशातला मिर्माराक्ने फोनिसेक्स करतो. मुंगीवरून कोळी ओळखणाऱ्याने या तिघांना एकाच खणात टाकलं असतं.

मुंगी शेवटी विचारा

मुंगीची नोंद घेऊच नका असं मी म्हणत नाही. घ्या, जमलं तर शेजारची मुंगीही वेगळ्या कुपीत ठेवा. कोळ्याच्या जीवनक्रमाची ती मोलाची माहिती आहे. पण कोळ्याचं नाव ठरेपर्यंत ती कुपी बाजूला राहू द्या.

याला कारणं आहेत. एका कोळ्याचीच रूपं बदलतात. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू लहान काळ्या मुंगीसारखं दिसतं, कात टाकत वाढतं तसं दुसऱ्या, मोठ्या मुंगीसारखं दिसू लागतं. एकाच प्रजातीची लहान आणि मोठी अवस्था शेजारी ठेवली तर नवख्या माणसाला त्या दोन प्रजाती वाटतात. काही प्रजातींत प्रौढांमध्येही एकाहून जास्त रंगरूपं आढळतात. फिलिपिन्समधला मिर्माराक्ने बाकेरी हा त्यासाठी प्रसिद्ध आहे : एकाच प्रजातीचे कोळी, पण दिसायला इतके वेगवेगळे की रंगावर भिस्त ठेवणाऱ्याने निमूट हात टेकावेत. याच्या उलट, नात्याने लांबच्या दोन प्रजाती एकाच मुंगीच्या मागे लागून सारख्या दिसू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या मिर्माराक्ने प्रजाती आणि त्यांच्या मुंग्या यांचे डीएनएवरून काढलेले वंशवृक्ष सेक्कारेली आणि क्रोझियर यांनी २००७ साली शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा ते एकमेकांशी जुळले नाहीत. मुंग्यांच्या फांद्या फुटल्या तशा कोळ्यांच्याही फुटल्या, असं काही घडलेलं नाही.

वागणं मात्र थोडंफार उपयोगी पडतं, विशेषतः मिशांचं नाटक कोणत्या पायांनी चाललं आहे ते. मिर्माराक्नेत ते काम पायांची पहिली जोडी करते. उत्तर अमेरिकेतला पेकहॅमिया पिकाटा दुसरी जोडी उचलतो. म्हणून फोटोबरोबर अर्ध्या मिनिटाची का होईना, चित्रफीत घ्या. साध्या डोळ्यांना वाटतं की हे कोळी सहा पायांवर चालतात आणि दोन पाय कायम वर धरतात. युरोपातल्या मिर्माराक्ने फॉर्मिकेरियाचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण झालं तेव्हा दिसलं ते वेगळंच. तो आठही पायांवर चालतो, मध्येच सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकं थांबतो आणि तेवढ्यात पुढचे पाय उचलून मिशांचा आभास करतो. हे काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा ‘सहा पायांवर चालतो’ असं निरीक्षण वहीत लिहिण्याआधी चित्रफीत संथ करून पाहा.

जिवंत असतानाच फोटो

नमुना गोळा करायचा असेल तर त्या जागेसाठी परवानगी लागते का ते आधी बघा. मग जिवंत कोळ्याचे फोटो काढा : वरून, बाजूने, समोरून, आणि काचेच्या कुपीत घालून खालून. बाजूचा फोटो बहुतेक जण विसरतात, आणि कवचाची उंचसखल रेषा, डोक्याकडचा भाग कुठे संपतो, कवच आणि उदर यांना जोडणारा देठ किती लांब आहे, हे सगळं त्यातच कळतं.

अल्कोहोलमध्ये गेल्यावर कोळ्याचं अर्धं सोंग उतरतं. पुष्कळ प्रजातींत कंबर बारीक दिसते ती तिथल्या पांढऱ्या केसांच्या पट्ट्यांमुळे. पांढरा भाग पार्श्वभूमीत विरतो आणि उरलेला काळा भाग दोन तुकड्यांसारखा दिसतो. केस ओले झाले की हे पट्टे जवळजवळ दिसेनासे होतात. तांबडे, नारिंगी रंगही हळूहळू उडतात. संग्रहालयातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या पिवळट-तपकिरी नमुन्याशी तुमच्या ताज्या फोटोतला रंग ताडून काही मिळणार नाही, ते याचमुळे. जुन्या वर्णनांत ‘तपकिरी’ असं लिहिलेलं असतं तेव्हा वर्णन कोळ्याचं आहे की अल्कोहोलमध्ये मुरलेल्या कोळ्याचं, हा प्रश्न मी दर वेळी विचारते.

रचना पाहायची असेल तर ७० ते ८० टक्के इथेनॉल. डीएनए हवा असेल तर ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र, पण त्यात नमुना कडक होतो आणि पाय हात लावताच तुटतात. दोन्ही साधायचं तर एक पाय तोडून तीव्र इथेनॉलमध्ये वेगळा ठेवावा, बाकीचा कोळी ७० टक्क्यांत. चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते आणि मग उरतो एक निळसर कोळी, ठावठिकाणा नसलेला.

प्रौढ आहे का?

माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त प्रश्नांचा निकाल इथेच लागतो, आणि तो लोकांना आवडत नाही. पिल्लाची ओळख प्रजातीपर्यंत नेता येत नाही, कारण ज्या अवयवांवर प्रजाती ठरते ते अजून घडलेलेच नसतात.

नर पाहताना तोंडाशेजारचे दोन छोटे पायांसारखे अवयव पाहायचे, त्यांना पाल्प म्हणतात. प्रौढ नरात त्यांचं टोक फुगलेलं असतं आणि त्यावर गडद, कडक, वळणदार भाग स्पष्ट दिसतात. टोक फुगलेलं आहे पण गुळगुळीत आणि फिकट आहे, तर समजा एक कात बाकी आहे. मादीच्या उदराच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात, फुफ्फुसांच्या दोन ठशांच्या मधोमध एक कडक तबकडी असते, तिला एपिजाइन म्हणतात. ती नसेल तर मादी कच्ची.

मादीची आणखी एक खूण फोटोतही पकडता येते. मिर्माराक्ने आणि तिच्या जवळच्या वंशांत मादीच्या पाल्पची शेवटची पेरं चपटी आणि रुंद असतात. हे दिसलं की आपण योग्य गोतावळ्यात आलो असं मानायला हरकत नाही. दुसऱ्या शाखांतल्या मुंगीरूपी कोळ्यांशी होणारी गल्लत या एका खुणेने बरीच कमी होते.

नराचे जबडे

मिर्माराक्नेचा प्रौढ नर पहिल्यांदा पाहणारा माणूस थबकतोच. जबडे समोर आडवे पसरलेले, कधी कधी कवचाइतके लांब. मुंगीच्या सडपातळ सोंगाला हे शोभत नाही असं वाटेल, पण नेल्सन आणि जॅक्सन यांनी २००६ साली दाखवलं की अशा नरामुळे शिकाऱ्यापुढे काहीतरी ओझं तोंडात धरून चाललेल्या मुंगीचं चित्र उभं राहतं. त्यातही मुंग्यांना भिणारे शिकारी त्याला टाळतात, पण ओझं वाहणाऱ्या मुंग्याच पकडणारे शिकारी त्याच्यावर चालून येतात. मादीला हा ताप नाही, तिचे जबडे आखूड. आणि ज्या प्रजातींचा बारकाईने अभ्यास झाला आहे, त्यांत नराच्या जबड्याच्या टोकावरच्या लांब सुळ्यात विष वाहून नेणारी नळीच नसते. तो भक्ष्याला सुळ्यांवर भोसकून पकडतो.

आता वर्गीकरणाचा घोळ. जुन्या वर्णनांत नराच्या जबड्यांची लांबी, आकार, दातांची संख्या यांवर फार भर असतो, कारण ते चटकन दिसतं. पण जबडे शरीराच्या प्रमाणात वाढत नाहीत. मोठ्या नराचे जबडे त्याच्या आकाराच्या मानाने जास्तच लांब होतात, आणि पिल्लूपणी कमी खायला मिळालेल्या छोट्या नराचे आखूड राहतात. एकाच झुडपावरचे दोन नर वाळूत शेजारी शेजारी आडवे लावा. एकाचा जबडा कवचाच्या जवळपास लांबीचा, दुसऱ्याचा जेमतेम निम्मा. लांब जबड्यावर दात विरळ पसरलेले, आखूड जबड्यावर तेच दात गर्दी करून बसलेले. मोठ्याच्या जबड्याला बाहेरून हलकी कमान आलेली, छोट्याचा जवळजवळ सरळ. या दोघांना दोन नावं द्यायला कुणाचाही हात शिवशिवेल. त्यानंतर त्यांचे पाल्प पाहिले तर दोन्ही एका साच्यातून काढल्यासारखे.

म्हणून जबड्याची लांबी एकटी लिहू नका, कवचाच्या लांबीशी तिचं गुणोत्तर लिहा. एकाच ठिकाणचे जेवढे नर मिळतील तेवढ्यांचं मोजा आणि आलेखावर मांडा. ठिपके एका सलग रेषेवर येत असतील तर ती एकाच प्रजातीतली लहान-मोठी माणसं आहेत, पण दोन वेगळ्या रेषा दिसल्या तर पुढे चौकशी करण्यासारखं आहे. दात दोन्ही जबड्यांवरचे आणि सुळा मिटतो त्या खाचेच्या दोन्ही कडांचे मोजा, डावं-उजवं वेगळं लिहा. एखाद्या दाताच्या फरकावर नवी प्रजाती उभी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली

बहुतेक कोळ्यांत इथे येऊन सुटका होते. नराचा पाल्प आणि मादीचं एपिजाइन पाहिलं की प्रजाती हाती लागते. मुंगीरूपी कोळ्यांचा छळ असा की बाहेरून इतके विविध असणारे हे प्राणी आतून कंटाळवाणे सारखे आहेत. मिर्माराक्नेच्या नराच्या पाल्पवर एक गोलसर फुगवटा, त्याच्याभोवती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली बारीक एम्बोलस नावाची नळी, आणि त्यामागच्या पेरावर बाहेरच्या बाजूला एक वळलेला काटा. प्रजातीमागून प्रजाती पाहत जा, हाच आराखडा. आफ्रिकेतल्या मिर्माराक्ने आणि बेलिप्पो या वंशांचं मोठं पुनरावलोकन फ्रेड वॉन्लेस यांनी १९७८ साली केलं. त्यातली चित्रं एकामागून एक पाहिली की मी काय म्हणते ते कळेल.

तरी फरक असतात, फक्त ते बारीक असतात. काट्याचं टोक किती वळलं आहे, तो बुंध्याशी किती रुंद आहे, नळीची जाडी, वेटोळ्यांचा आकार. आणि हे सगळं कोनावर अवलंबून. पाल्प दहा-पंधरा अंश फिरला की आकड्यासारखा काटा सरळ दिसतो. यासाठी काचेच्या छोट्या वाटीत धुतलेली बारीक वाळू घ्या, वर अल्कोहोल ओता, आणि पाल्प वाळूत खोचून हवा त्या कोनात उभा करा. छापील चित्र शेजारी ठेवून नेमका तोच कोन साधेपर्यंत सुईने हलवत राहा. प्रथा डावा पाल्प काढायची आहे, उजवा जागेवर राहू द्या. कोन साधला की एकाच कोनातून तीन पातळ्यांवर लक्ष केंद्रित करून चित्र काढा, फोटो असला तरी. हाताने रेघ ओढताना काटा कुठून सुरू होतो याचा निर्णय घ्यावाच लागतो, कॅमेरा तो निर्णय तुमच्यावर सोडून मोकळा होतो.

मादीचं एपिजाइन बाहेरून पाहून थांबू नका. खरी माहिती आतल्या नळ्यांच्या वेटोळ्यांत आहे. बारीक टोकाच्या सुईने तबकडीच्या कडेने कापून ती अलगद उचला, आतली चरबी आणि ऊती साफ करा. मग शुद्ध अल्कोहोलमधून काढून लवंगेच्या तेलात ठेवा. काही वेळात उरलेल्या ऊती पारदर्शक होतात आणि नळ्या उठून दिसतात. लॅक्टिक आम्लानेही काम होतं. आतल्या बाजूने आणि बाहेरच्या बाजूने, दोन्हीकडून चित्र घ्या. द्वारावर वाळलेल्या स्रावाचं बूच असेल तर ते ‘नवं वैशिष्ट्य’ म्हणून नोंदवू नका, आधी साफ करा. काम झालं की एपिजाइन इवल्याशा कुपीत घालून ती कुपी त्याच कोळ्याच्या कुपीत ठेवा. सुटं एपिजाइन आणि त्याचा हरवलेला धनी, असं कुणाच्याही संग्रहात दिसू नये.

नवरा-बायकोची गाठ

या गटातल्या कितीतरी प्रजातींचं वर्णन फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून झालेलं आहे. नर-मादी दिसायला इतके वेगळे, शिवाय एकाच झाडावर दोन-तीन प्रजाती नांदत असतील तर कोणाची मादी कोण हे सांगता येत नाही. एका नावाचा नर आणि दुसऱ्या नावाची मादी, पण प्रत्यक्षात दोघं एकाच घरचे, ही शक्यता कायम डोक्यात ठेवावी लागते.

एकाच ठिकाणी सापडले हा पुरावा कच्चा. प्रौढ नर कच्च्या मादीच्या रेशमी घरट्यापाशी मुक्काम ठोकून बसलेला सापडला तर पुरावा बराच बरा, कारण उड्या मारणारे नर कात टाकायच्या बेतात असलेल्या मादीजवळ असे थांबतात. सगळ्यात खणखणीत पुरावा म्हणजे अंडी घातलेली मादी सांभाळून पिल्लं वाढवणं. वेळखाऊ आहे, फळमाश्या पाळाव्या लागतात, पिल्लं मरतात. पण एका मादीच्या पोटची मुलं-मुली प्रौढ झाली की नर-मादीचा प्रश्न मिटतो, आणि वाटेतल्या प्रत्येक अवस्थेचं रूपही हाती येतं. मला विचाराल तर या गटात नव्या प्रजातींच्या वर्णनांपेक्षा अशा वाढवलेल्या कुटुंबांची वर्णनं जास्त हवी आहेत.

डीएनए हा दुसरा मार्ग. प्राण्यांच्या बारकोडसाठी वापरला जाणारा सीओआय या जनुकाचा तुकडा ६५८ अक्षरांचा असतो आणि तो एका पायातून मिळतो. नर आणि मादी एका गटात पडले की जोडी लागली. बारकोड गट सांगतो, नाव सांगत नाही. माहितीकोशात कुणी तरी घाईत दिलेलं नाव तुमच्या कोळ्यालाही चिकटेल, म्हणून ज्या नमुन्यावरून ती नोंद झाली त्याचे पाल्प कुणी पाहिले होते का, हे तपासा.

कोणता वंश लिहायचा?

इथे मतभेद आहेत, आणि ते माहीत नसले तर माणूस गोंधळतो. १७७८ साली डे गेर यांनी युरोपातल्या मुंगीरूपी कोळ्याला अरानिया या तेव्हाच्या सर्वसमावेशक वंशात टाकलं. मिर्माराक्ने हा वंश मॅकले यांनी १८३९ साली उभा केला. पुढे जगभरचे बहुतेक मुंगीरूपी उड्या मारणारे कोळी त्यात येऊन पडत गेले आणि प्रजातींची संख्या दोनशेच्या वर गेली. २०१६ साली पोलंडचे येझी प्रॉशिन्स्की यांनी या गठ्ठ्याचे तुकडे केले. मिर्माप्लाटासारखे काही वंश नवे केले, टॉक्सियससारखं जुनं नाव पुन्हा वापरात आणलं. ही वाटणी प्रामुख्याने जननावयवांच्या चित्रांच्या तुलनेवर आहे, वंशवृक्षाच्या विश्लेषणावर नाही, आणि ते स्वतः आपल्या वर्गीकरणाला व्यवहार्य वर्गीकरण म्हणत. त्याआधी, २०१५ साली, वेन मॅडिसन यांनी आख्ख्या कुळाची वंशवृक्षावर आधारलेली मांडणी केली होती. त्यात या गोतावळ्याला मिर्माराक्निनी अशी स्वतंत्र जमात मिळाली.

माझं मत विचाराल तर दोनशे प्रजातींचा गठ्ठा फोडायलाच हवा होता. काही तुकडे टिकतील असे वाटतात, काहींचा पाया मला पातळ दिसतो. पण ओळख पटवणाऱ्याने या वादात न्यायाधीश होऊ नये. बर्नच्या निसर्ग संग्रहालयातून चालवला जाणारा जागतिक कोळी-सूचीकोश उघडा, त्या दिवशी जे नाव मान्य आहे ते लिहा, आणि शेजारी जुनं नावही नोंदवा. जुनी नावं शोधता आली नाहीत तर निम्मं ज्ञान हातचं जातं. विणकर मुंगीची नक्कल करणाऱ्याचंच पाहा : १८६९ साली तो साल्टिकस होता, मग दीर्घकाळ मिर्माराक्ने, आता मिर्माप्लाटा. किंवा टॉक्सियस मॅग्नस. या कोळ्याची मादी पिल्लांना दुधासारखा द्रव पाजते आणि पिल्लं साधारण चाळीस दिवसांची होईपर्यंत तो पितात, हे २०१८ साली जगभर गाजलं. त्याच्याबद्दलचं आधीचं लेखन हवं असेल तर ते मिर्माराक्ने मॅग्ना या नावाखाली शोधावं लागतं.

अमेरिकेतल्या कोळ्यासाठी तर आधी सिनेमोसिना, पेकहॅमिया, सारिंडा, मार्टेला हे वंश तपासायचे. तिथला मुंगीसारखा दिसणारा प्रत्येक उड्या मारणारा कोळी मिर्माराक्ने असतो असं समजणं ही नेहमीची चूक आहे, आणि फोटोवरून नाव सुचवणारी ॲप ती उत्साहाने करतात.

कुठे थांबायचं

पुरावा जिथे संपतो तिथे. फक्त वरून काढलेला फोटो असेल तर ‘सालटिसिडी, मुंगीरूपी’. मादीचे चपटे पाल्प दिसत असतील तर ‘मिर्माराक्निनी’. प्रौढ नर आहे, पाल्प पाहिला, पण चित्राशी जुळला नाही, तर वंशाचं नाव आणि पुढे ‘प्रजाती अनिश्चित’. लोकांना हे अपुरं वाटतं. मला चुकीच्या पूर्ण नावापेक्षा बरोबर अर्धं नाव कधीही चालतं, कारण चुकीचं नाव नकाशावर ठिपका होऊन बसतं, त्या ठिपक्यावरून कुणी प्रजातीचा पसारा लिहितो, आणि मग तो ठिपका पुसायला कुणी तयार नसतं.

तज्ज्ञाकडे पाठवायचं ठरवलं तर प्रौढ नर आणि मादी दोन्ही पाठवा, शक्यतो एकाहून अधिक, लहान-मोठ्या जबड्यांचे नर मुद्दाम निवडून. सोबत जिवंतपणीचे फोटो, ठिकाण, तारीख, झाड किंवा झुडूप, आणि आता ती बाजूला ठेवलेली मुंगीही. ओळख आली की कुपीत नवी चिठ्ठी घाला : नाव, ओळख कोणी पटवली, कोणत्या वर्षी, आणि कशावरून, म्हणजे पाल्पवरून की नुसत्या बाह्यरूपावरून. आधीची चिठ्ठी चुकीची ठरली तरी काढून फेकू नका, नवीच्या मागे ती तशीच राहू द्या.